१० मीटर एअर पिस्तूलची पहिली स्पर्धा: नाशिकच्या नेमबाजांसाठी तयारीपासून साठाव्या शॉटपर्यंत

रोजच्या सरावात ६००पैकी ५५०च्या आसपास मारणारा नेमबाज पहिल्या मोठ्या स्पर्धेत ५२५वर येतो आणि सगळा दोष थरथरणाऱ्या हाताला देतो. हात सगळ्यांचाच थरथरतो. गुण बहुतेकदा दुसरीकडेच गेलेले असतात. हात खाली घ्यायला हवा होता तिथे शॉट मारून टाकला, शेवटच्या दहा मिनिटांत अठरा शॉट उरले, ट्रिगरचं वजन ऐनवेळी भरलं नाही, अशी ती कारणं असतात. यातली बरीचशी गळती आधीपासून थांबवता येते. नेम बसायला वर्षं लागतात, पण शिस्तीचे गुण पहिल्या स्पर्धेतसुद्धा मिळवता येतात.

आधी निशाणा नीट मोजून पाहा

निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असतो. ७ ते १० गुणांचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा आणि दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. ऐकून छाती दडपते, पण हिशोब पुढे न्या. पेलेट, म्हणजे छर्रा, ४.५ मिलिमीटरची असते आणि तिची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य निशाण्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत आला की दहा. नऊसाठी ही मर्यादा १६ मिलिमीटर, आठसाठी २४. प्रत्येक गुणामागे ८ मिलिमीटर.

आता पिस्तुलाकडे या. पुढची साइट (नेम धरायची पट्टी) आणि मागची साइट (खाच असलेली) यांच्यात साधारण ३२० मिलिमीटर अंतर असतं. मागच्या खाचेत पुढची साइट एका बाजूला फक्त पाव मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर शॉट जवळजवळ ८ मिलिमीटर सरकतो. एवढ्यात अख्खा दहा खाऊन टाकला. उलट साइट्स एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि सगळा हातच ८ मिलिमीटर डोलतो आहे, तर शॉटही तेवढाच हलतो, जास्त नाही. म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवा, असं प्रशिक्षक ओरडून सांगतात. काळा गोळा धूसर दिसायलाच हवा. तो स्पष्ट दिसत असेल तर साइट धूसर झाली आहे आणि नुकसान तिथेच होतं.

म्हणूनच नेम काळ्याच्या मधोमध धरत नाहीत. पुढची साइट काळ्याच्या खाली, पांढऱ्या भागात ठेवतात, काळ्याची खालची कड आणि साइट यांच्यात पांढरी जागा राखून. साइटचे स्क्रू असे लावतात की या खालच्या जागेवर नेम धरला की शॉट मध्यावर जातो. काळ्यावर काळी साइट दिसत नाही, पांढऱ्यावर तिची कड आणि दोन्ही बाजूंच्या फटी स्वच्छ दिसतात. एका बिंदूवर हात थांबवायचा हट्ट सोडा. एका छोट्या भागात हात डोलू द्या आणि तेवढ्यात ट्रिगर पूर्ण करा.

चष्मा असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या. वाचनाचा किंवा लांबचा नंबर इथे चालत नाही. लांबच्या नंबरात साधारण अर्धा डायॉप्टर मिळवला की बहुतेकांना साइट स्पष्ट दिसते आणि निशाणा हवा तेवढाच धूसर राहतो. चाळिशी उलटलेल्यांना थोडा जास्त लागतो. न नेमणारा डोळा मिटून घेऊ नका, चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात. त्या डोळ्यापुढे छोटा पडदा लावा. नियमात तो जास्तीत जास्त ३० मिलिमीटर रुंद चालतो.

पिस्तूल, हवा आणि नाशिकचं हवामान

नियमाप्रमाणे पिस्तूल ४.५ मिलिमीटर कॅलिबरचं, साइट्ससकट १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारं हवं. साइट्स उघड्या, भिंग किंवा दुर्बीण नाही. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, वाल्थर, पार्डिनी या कंपन्यांची पिस्तुलं रेंजवर दिसतात. त्यातलं कोणतंही पिस्तूल नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक असतं, त्यामुळे ब्रँडवरून रात्री जागवू नका. क्लबच्या पिस्तुलावर दोन-तीन स्पर्धा काढा. नंतर घेताना हाताच्या मापाची ग्रिप मिळते का आणि सुटे भाग, सील, दुरुस्ती इथे कोण करतं, हे आधी विचारा.

पेलेट सपाट तोंडाची, वजनाला साधारण अर्धा ग्रॅम. सपाट तोंडामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं. तुमच्या नळीला कोणतं मानवतं ते पिस्तूल टेकवून, प्रत्येक मापाच्या दहा-दहा पेलेट मारून बघा आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, सर्वांत लहान ते घ्या. मग त्याच लॉटचे दोन-तीन डबे एकदम उचला. खाली पडलेली पेलेट परत नळीत घालू नका. तिची मागची पातळ कड वाकलेली असते.

हवेच्या सिलिंडरकडे नाशिककरांनी जरा जास्त लक्ष द्यावं, कारण इथे हवा टोकाची बदलते. बहुतेक सिलिंडर जास्तीत जास्त २०० बारचे असतात. जानेवारीत निफाडचं तापमान पेपरात छापून येतं त्या दिवसांत शहरातही सकाळी १० अंशांच्या आसपास असतं. दुपारी ३० अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर त्या सकाळी साधारण १८७ दाखवेल. हवा गळालेली नाही, थंडीने दाब उतरलाय. धोका उलट्या दिशेला आहे: गारठ्यात काठोकाठ २०० भरायचं आणि मग सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा. आतलं तापमान ५० अंशांवर गेलं की दाब २२५च्या वर जातो. म्हणून १८०वर थांबा आणि पिस्तुलाची पेटी गाडीच्या डिकीत सोडून जेवायला जाऊ नका.

स्कूबा सिलिंडरवरून भरताना झडप हळू उघडा. झटकन भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि अर्ध्या तासात खाली येतो. हातपंपाने भरत असाल तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सिलिका जेलचा फिल्टर लावाच आणि मध्ये मध्ये पंपातलं पाणी सोडा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये आणि पुढे दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये जातं. सीलला लावायचं तर सिलिकॉन ग्रीस. खोबरेल किंवा मशिनचं तेल कधीही नाही, उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झालेला सिलिंडर बाद समजा, तपासणीत तो अडवला जाऊ शकतो आणि तो अडवणं योग्यच आहे.

एका भरणीत दीडशेच्या वर शॉट आरामात निघतात आणि स्पर्धेला साइटर (आधीचे, न मोजले जाणारे शॉट) धरून नव्वदच्या आत लागतात. तरी दुसरा भरलेला सिलिंडर पेटीत असू द्या.

ट्रिगर आणि ग्रिप: तपासणीत इथेच अडतं

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. तपासणीत पिस्तुलाची नळी उभी धरतात, हवा भरलेली असते आणि ट्रिगरला अडकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन टेबलावरून उचलावं लागतं. तीन प्रयत्नांत उचललं गेलं नाही तर पिस्तूल नापास. घरी ५००वर नेमकं लावलेलं पिस्तूल प्रवासाच्या धक्क्याने किंवा तापमानाने ४९५वर येतं. म्हणून ५१५-५२० ठेवा. त्या वीस ग्रॅमचा फरक बोटाला कळत नाही. स्पर्धा संपल्यावरही कोणालाही बोलावून ट्रिगर तपासतात आणि तेव्हा नापास झालं तर स्पर्धेतूनच बाद करतात. साठ शॉटची मेहनत पाच ग्रॅमवर घालवू नका.

पाचशे ग्रॅमचं वजन स्वतःजवळ ठेवा. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून हूक लावलेलं पितळी वजन करून घेता येतं. ते सराफाच्या किंवा प्रयोगशाळेच्या काट्यावर तपासून घ्या. लेथवर नळीखाली लावायची बॅलन्सची वजनंही होतात. पण ट्रिगरचा कोणताही भाग कुणाकडून घासून घेऊ नका.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्यावर ३५० ते ४०० ग्रॅम आणि बाकीचं दुसऱ्यावर, अशी विभागणी नवशिक्याला चांगली. पहिला टप्पा घेतला की बोटाला भिंत लागली पाहिजे. भिंत अस्पष्ट असेल तर शॉट कधी सुटेल याचा अंदाज राहत नाही आणि मन बोटाकडे पळतं.

ग्रिप हाताला घट्ट बसावी, मात्र मनगटाला आधार देऊ नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. तळव्याखालची फळी वर वळवून हाताला कवेत घेणारी नको. सैल वाटते तिथे वुड पुटी लावून, वाळल्यावर कानशीने घासून आकार देता येतो. हे काम स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी संपवा. नव्या ग्रिपवर हात रुळायला वेळ लागतो, आणि आदल्या रात्री ग्रिप घासणाऱ्याचे साइटर दुसऱ्या दिवशी निशाणाभर विखुरलेले असतात.

बूट घोट्याचं हाड झाकणारे चालत नाहीत. मनगटाला पट्टा, घड्याळ नको. सपाट, कडक तळव्याचे साधे बूट सर्वांत चांगले, धावण्याच्या गुबगुबीत बुटांत तोल सरकत राहतो.

नोंदणी आणि प्रवास

वाट क्लबमधून जाते. जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त क्लबचं किंवा संघटनेचं सदस्यत्व, त्यातून महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे आणि राष्ट्रीय रायफल संघटनेकडे, म्हणजे एनआरएआयकडे नोंदणी. राज्य स्पर्धा कॅप्टन इझेकिएल यांच्या नावाने होते. तिथे परिपत्रकातले किमान गुण मिळाले की पुढच्या पातळीची दारं उघडतात. परिपत्रक आलं की प्रथम तीन गोष्टी पाहा: तुमचा वयोगट, प्रकार आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचा) की एनआर (राष्ट्रीय नियमांचा), आणि निशाणे कागदी की इलेक्ट्रॉनिक. शॉटची संख्या आणि वेळ यावर ठरते. आयएसएसएफ प्रकारात २०१८पासून महिलांनाही पुरुषांइतकेच ६० शॉट आहेत. इलेक्ट्रॉनिक निशाण्यावर ७५ मिनिटं, कागदावर ९०. पुढचा हिशोब ६० शॉट आणि ७५ मिनिटांचा आहे.

४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल सहा जूलच्या आसपास असतं. तरी रस्त्यावरच्या पोलिसाला पेटी उघडल्यावर दिसतं ते पिस्तूलच. विसर्जनाचा बंदोबस्त असो की सिंहस्थातली नाकाबंदी, पिस्तूल बंद पेटीत, सिलिंडर वेगळा काढलेला, सोबत खरेदीचं बिल, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं प्रवेशपत्र, असं असलं की दोन मिनिटांत विषय संपतो. बस किंवा रेल्वेच्या डब्यात पेटी उघडून कोणालाही दाखवू नका. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करावा लागतो, मुक्कामी हवा कुठे भरून मिळेल ते आधी विचारून ठेवा.

मोठ्या स्पर्धा बहुधा मुंबईत वरळीला किंवा पुण्यात बालेवाडीला. सकाळच्या डिटेलसाठी, म्हणजे सकाळी मारणाऱ्या तुकडीत नाव असेल तर, त्याच दिवशी पहाटे निघू नका. पावसाळ्यात कसारा घाट कधी अडेल सांगता येत नाही, आणि चार तास गाडीत बसलेली कंबर पहिल्या वीस शॉटमध्ये वसुली करते. आदल्या दिवशी पोचा, रेंज पाहून घ्या, प्रकाश कुठून येतो ते पाहा, जमलं तर तपासणी तेव्हाच उरका.

पोट आणि औषधं

स्पर्धेच्या सकाळी झणझणीत मिसळ नाही. नाशिककराला हे सांगणं जिवावर येतं, पण तर्री आणि चहा यांनी पोट जळजळतं आणि नाडी वाढते. रोज जे पचतं ते हलकं, दोन तास आधी. चहा-कॉफी रोज घेत असाल तर नेहमीएवढीच घ्या. एकदम बंद केली तर डोकं धरतं.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंदी असलेल्या यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कारण ती हाताची थरथर कमी करतात. गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका, त्यात जिवाला धोका आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी स्पर्धेत उतरतो. पर्यायी औषध शक्य नसेल तर वैद्यकीय सवलतीचा रीतसर अर्ज करावा लागतो.

पहिली पंधरा मिनिटं

लेनवर बोलावलं की सामान मांडा: पिस्तूल, उघडलेला पेलेटचा डबा, टॉवेल, पाणी, साइट फिरवायचा स्क्रूड्रायव्हर. मोबाइल पेटीत, बंद करून. नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, आहेच. ती पंधरा मिनिटांच्या तयारीची वेळ सुरू झाल्याचा आदेश येईपर्यंत काढायची नाही. नळीचं तोंड सदैव निशाण्याकडे. कोणी रेषेपुढे गेलं असेल तर पिस्तुलाला हात नाही.

उभं राहण्याची जागा आधी ठरवा. पाय खांद्याएवढे रुंद, वजन दोन्ही पायांवर सारखं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, डोकं सरळ. मग डोळे मिटून हात उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. साइट निशाण्याच्या डावीकडे दिसली तर हाताने ओढून मध्ये आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा तपासा. हाताने ओढलेला नेम पहिल्या दहा शॉटपर्यंत टिकतो, नंतर स्नायू थकला की ग्रुप हळूहळू डावीकडे सरकायला लागतो आणि माणूस साइट फिरवत बसतो. पाय जिथे आहेत तिथे रेंजच्या नियमात बसेल अशी खूण मनात पक्की करा, कारण मध्ये बसून आल्यावर इथेच परत उभं राहायचं आहे.

"प्रिपरेशन अँड सायटिंग टाइम, स्टार्ट" झालं की पाच-सहा ड्राय फायर करा. हवा न सोडता ट्रिगर दाबणं चालतं. त्यानंतर साइटर. ते कितीही मारता येतात आणि मोजले जात नाहीत, पण दहा-बारा पुरेत. एकेका शॉटमागे साइट फिरवू नका. चार-पाच शॉटचा ग्रुप पडू द्या, ग्रुपचा मध्य कुठे आहे तो पाहा आणि एकदाच दुरुस्ती करा. तुमच्या पिस्तुलाच्या साइटच्या स्क्रूचा एक क्लिक १० मीटरवर किती मिलिमीटर सरकवतो हे घरी मोजून पेटीच्या झाकणावर लिहून ठेवलेलं असावं. शेवटच्या "थर्टी सेकंड्स"पर्यंत साइटर मारत राहू नका. दोन-तीन मिनिटं राखा, बसा, पाणी प्या. "मॅच फायरिंग, स्टार्ट" ऐकू येईपर्यंत नळीत पेलेट नको. त्याआधी सुटलेल्या शॉटला दंड आहे.

एक शॉट, जवळून

पेलेट घाला, अंगठ्याने नळीत नीट बसल्याची खात्री करा, ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद करा. पेलेट घालायची विसरून नुसती हवा सोडली तर पहिल्यांदा ताकीद मिळते, त्यापुढे दर वेळी दोन गुण जातात. सर्वांत जास्त विसर पडतो तो चांगला शॉट लागल्यावर, स्क्रीनकडे बघत बघत भरताना. म्हणून भरताना डोळे पिस्तुलावर.

ग्रिप मोकळ्या हाताने नेमणाऱ्या हातात बसवा, दर वेळी तशीच. हात पिस्तुलाकडे नेऊन पकडलं की पकड दर वेळी वेगळी पडते. पकडीचा जोर पुढून मागे, मधल्या आणि अनामिकेच्या बोटांनी. अंगठा नुसता टेकलेला, करंगळी ढिली. श्वास घेत हात निशाण्याच्या वर न्या, थोडा सोडत काळ्यावर या, उरलेला अर्धा सोडत नेमाच्या जागेत उतरा. उतरतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेऊन टाका. हे जर नेमाच्या जागेत पोचल्यावर केलं तर दोन सेकंद फुकट जातात.

आता हात स्थिरावेल. सर्वांत शांत क्षण साधारण तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला येतो आणि फार तर आठव्यापर्यंत टिकतो. याच काळात नजर साइटवर आणि बोटाचा दाब सारखा वाढत राहिला पाहिजे. आता मार, असा हुकूम मनाने बोटाला दिला की बोट झटका देतं. दाब चालू राहावा आणि शॉट सुटावा.

आठ सेकंद उलटले आणि सुटला नाही, तर हात खाली. हे लिहायला सोपं आणि करायला फार कठीण आहे, आणि स्पर्धेतला सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. दहाव्या सेकंदानंतर डोळा साइटचं जुनं चित्र दाखवत राहतो, हाताचं डोलणं वाढतं, आणि एवढा वेळ धरलंय तर सोडूनच टाकू, ही घाई बोटात उतरते. तो शॉट सात किंवा आठ असतो. साठ शॉटमध्ये पंधरा-वीस वेळा हात खाली घेणाऱ्याला कमी लेखू नका. सरावातही मुद्दाम प्रत्येक पाचवा शॉट पूर्ण उचलून, नेम धरून, न सोडता खाली घ्या. सवय तिथे लागते, स्पर्धेत नाही.

शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहा आणि सुटताना साइट कुठे होती ते ठरवा. मग स्क्रीन पाहा. तुमचा अंदाज आणि स्क्रीन जुळत असेल तर नऊ लागला तरी काम बरोबर चाललं आहे. साइट मध्ये दिसली आणि शॉट बाहेर गेला, असं वारंवार होत असेल तर ट्रिगरवर लक्ष द्या. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली-डावीकडे जात असतील तर बोट बाजूने ढकलतंय किंवा झटका देतंय. नुसते खाली जात असतील तर सुटण्याच्या क्षणाची धास्ती घेऊन मनगट पडतंय. उजवीकडे सरकत असतील तर अंगठा दाबतोय. वर जात असतील तर तळव्याचा मागचा भाग ढकलतोय किंवा साइट पूर्ण जुळण्याआधीच शॉट सुटतोय.

मन या क्रमावर कसं टिकवायचं, यावर नाशिकमध्ये बरंच काम झालेलं आहे. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले भीष्मराज बाम इथेच राहून नेमबाजांना योग आणि श्वसनाच्या आधाराने एकाग्रता शिकवत असत, आणि त्यांच्या पद्धतीचा ठसा इथल्या रेंजवर अजून आहे. नवशिक्यासाठी एवढं पुरे: दोन शॉटच्या मध्ये तीन सावकाश श्वास, त्यात श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. आणि बेरीज करायची नाही. किती झाले, किती हवेत, हा हिशोब सुरू झाला की पुढचे तीन शॉट तोच हिशोब मारतो.

पंचाहत्तर मिनिटांचं गणित

७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. भरण्यापासून स्क्रीन पाहण्यापर्यंत ४५ सेकंद लागले तर नेमबाजी ४५ मिनिटांची आणि हात खाली घ्यायला, बसायला ३० मिनिटं उरतात. भरपूर आहेत, पण वाटून वापरली तरच. दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज असतात. प्रत्येक सिरीज दहा मिनिटांत संपवून दोन मिनिटं विश्रांती, असं ठेवलं तर शेवटी थोडी मिनिटं शिल्लक राहतात. वाईट सिरीजनंतर पिस्तूल ठेवून बसा. चांगल्या सिरीजनंतरही बसा. लय सापडली म्हणून सलग तीस शॉट मारणाऱ्याचा खांदा पस्तिसाव्या शॉटला उतरतो.

संपायला दहा मिनिटं आणि पाच मिनिटं उरली की पुकारा होतो. दहाच्या पुकाऱ्याला आठपेक्षा जास्त शॉट उरले असतील तर वेग वाढवायचा तो भरण्यात आणि विश्रांतीत. नेमाची आठ सेकंदं तशीच. वेळ संपल्यावर उरलेले शॉट शून्य धरतात, त्यामुळे शेवटच्या मिनिटात कसाही का होईना, पण शॉट मारा, सात म्हणजे शून्यापेक्षा सात जास्त.

कागदी निशाण्यावर कार्ड बदलण्यात वेळ जातो. एका कार्डावर किती शॉट, हे आधी विचारून घ्या आणि प्रत्येक वेळी कार्डाचा क्रमांक वाचा. शेजारच्या निशाण्यावर गेलेला शॉट तुमच्या खात्यात शून्य, मग तो दहा असला तरी.

काही बिघडलं तर

शॉट मारला आणि स्क्रीनवर आला नाही, तर पुढचा मारू नका. हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा. पुढचा शॉट मारल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणं अवघड होतं.

पिस्तूल बंद पडलं तरी तसंच: तोंड निशाण्याकडे, बोट बाहेर, हात वर. परवानगीने दुरुस्ती करता येते किंवा पिस्तूल बदलता येतं, पण तुमच्या पिस्तुलाचा बिघाड हा तुमच्या वेळेतून जातो. तोक्यो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्य घेतलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल असेल तर नवी बॅटरी खिशात आणि जुनी स्पर्धेआधीच बदललेली. ॲलन की, सिलिंडरची सील, पुढच्या साइटची जादा पट्टी एका छोट्या डबीत.

प्रशिक्षकांशी बोलायचं असेल तर पिस्तूल रिकामं करा, फ्लॅग घाला, टेबलावर ठेवा आणि रेषेवरून मागे या. रेषेवर उभ्याने बोलणं नियमात बसत नाही.

संपल्यावर

"स्टॉप, अनलोड" झालं की नळी रिकामी असल्याची खात्री, फ्लॅग, आणि रेंज ऑफिसरने पाहिल्याशिवाय पेटी बंद करू नका. ट्रिगर तपासणीला नाव पुकारलं तर सरळ तिकडे. तोवर ट्रिगरच्या स्क्रूला हात नाही. तात्पुरता निकाल लागला की सिरीजच्या बेरजा स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहा. हरकतीसाठी ठरावीक वेळ आणि शुल्क असतं, त्यानंतर कोणी ऐकत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि प्रकार तिथेच वाचून घ्या, पुढच्या स्पर्धेचा प्रवेश त्याच कागदावर होतो.

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: किती वेळा हात खाली घेतला, कोणत्या सिरीजला घाई झाली, साइटचे किती क्लिक कुठे फिरवले, सिलिंडर किती बारवर संपला. दुसऱ्या दिवशी आठवतं ते निम्मं असतं. पावसाळ्यातून आला असाल तर पेटीतला फोम बाहेर काढून वाळवा, नळी बाहेरून पुसा, आणि सिलिंडर पिस्तुलातून काढून घरातल्या सावलीच्या, कुलूपबंद कपाटात ठेवा.